जोकिम अंकल, शापिरा आणि एक टेबलक्लॉथ

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या हॉटेलच्या हाउसकीपिंग खात्याचे माजी सर्वेसर्वा माननीय श्री. ऑस्कर लोपीस साहेब, दुबईहून खास वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या सत्यभामाताई, आजचे सत्कारमूर्ती श्री. जोकिम तुस्कानो, त्यांना इतकी वर्षं सहन केल्याबद्दल ज्यांचा खरं तर वेगळा सत्कार व्हायला हवा त्या सुझी आंटी, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आणि शुक्रवारची झोप मोडून अबुधाबीच्या या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. जोकिम अंकलवर पाच मिनिटांत बोलायचं म्हणजे समुद्र वाटीनं मोजायचा. पण स्वतः जोकिम अंकलनी आयुष्यात कोणतीही गोष्ट पाच मिनिटांत संपवलेली नाही, तेव्हा त्यांच्या निरोपाला थोडा वेळ जास्त झाला तर अध्यक्ष महाराजांनी घड्याळ बघू नये. हेमा, बेटा, पुढे उभी राहू नकोस, मागच्यांना दिसत नाही. काय म्हणालीस? "आय ॲम फिल्मिंग, मम्मा." बरं. फिल्मिंग खाली बसून कर.

तर माझी ओळख करून देते. मी समिधा. मूळची कोल्हापूरची, आणि गेली नऊ वर्षं हॉटेलच्या टेलर रूममध्ये. वेटरच्या कोटाची तुटलेली बटणं, पडद्यांची उसवलेली शिवण, टेबलक्लॉथला सिगारेटनं पडलेली भोकं, हे सगळं माझं राज्य. आणि ज्या स्टोअरमधून या राज्याला कापडचोपड मिळायचं, त्याची किल्ली चोवीस वर्षं जोकिम अंकलच्या कमरेला होती. वसईच्या भुईगावचा हा माणूस एकोणऐंशी साली इथे आला, तेव्हा म्हणे कॉर्निशवर, त्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, मोजून चार इमारती होत्या. आता अंकलची साठी झाली, व्हिसा खलास झाला आणि ते परत चालले. आता त्यांच्या केळींना कुणी वाली मिळेल आणि आमच्या कानांना थोडी विश्रांती.

विश्रांती का म्हणते, ते जुन्या मंडळींना माहीत आहे. नव्यांसाठी सांगते.

हॉटेलात पाहुणे वस्तू विसरून जातात. त्या लॉस्ट अँड फाउंडमध्ये ठेवायच्या, सहा महिने वाट बघायची, कुणी मागितल्या नाहीत तर स्टाफनं घ्यायच्या असा रिवाज. बाकीचे लोक परफ्यूम घेतात, छत्र्या घेतात. आमच्या अंकलनी एकदा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं. एकोणिसाव्या शतकात बायबलच्या जुन्या पोथ्या आणि खोदकामात निघालेल्या वस्तू, त्यातल्या खऱ्या कोणत्या नि खोट्या कोणत्या, यावरून युरोपातल्या पंडितांची जी हमरीतुमरी झाली, तिचा तो इतिहास. जो कुणी पाहुणा ते विसरला, तो मुद्दामच विसरला असावा असा मला दाट संशय आहे. पण अंकलनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्या दिवसापासून आमची स्टाफ बस म्हणजे चालतंफिरतं विद्यापीठ झालं.

सकाळी बस निघाली की अंकल सुरू. सिनाईच्या मठातून एक प्राचीन बायबल युरोपात आलं. सगळे पंडित खूश. तेवढ्यात एका ग्रीक लेखनिकानं छाती ठोकून सांगितलं, की हे जुनंबिनं काही नाही, मी तरुणपणी स्वतःच्या हातानं लिहिलंय! म्हणजे बघा, जगात खोट्याला खरं म्हणणारे पुष्कळ असतात, पण या पठ्ठ्यानं खऱ्याला खोटं ठरवायला घेतलं. मग मोआबचा शिलालेख. तो कुणी न्यायचा यावरून बाहेरच्यांची ओढाताण इतकी झाली, की तिथल्या लोकांनी वैतागून दगडच फोडून टाकला. आणि हे सगळं झालं की गाडी येणार शापिरावर. येणारच! आमचा पठाण ड्रायव्हर हमदुल्ला आरशातून विचारायचा, "तुस्कानो साब, वो शापिरा आज भी मरेगा क्या?" अंकल गंभीरपणे म्हणायचे, "मरेगा, हमदुल्ला. मगर उसका कसूर साबित नहीं हुआ."

हा शापिरा कोण, ते थोडक्यात सांगायला हवं. अंकल, तुम्ही मध्ये बोलू नका, आज माइक माझ्याकडे आहे.

शापिरा हा जेरुसलेममधला दुकानदार. यात्रेकरूंना पवित्र भूमीच्या आठवणी विकायचा, जुन्या वस्तूही विकायचा. त्यानं मोआबची म्हणून मातीची भांडी आणि मूर्ती आणल्या, शेकड्यांनी, आणि त्या बर्लिनच्या संग्रहालयासाठी विकत घेतल्या गेल्या. पुढे एका फ्रेंच पंडितानं शोधून काढलं की ही सगळी ताजी भाजलेली मडकी आहेत. छी थू झाली. मग काही वर्षांनी, अठराशे त्र्याऐंशी साली, हाच शापिरा लंडनला गेला चामड्याच्या काळ्या पडलेल्या पट्ट्या घेऊन. मृत समुद्राजवळच्या गुहेत बेदुईन टोळीवाल्यांना सापडल्या, त्यावर मोशेच्या शेवटच्या ग्रंथाचा मजकूर आहे, म्हणाला. आणि किंमत सांगितली दहा लाख पौंड. इथे अंकल बसमध्ये थांबून हिशेब करायचे: "म्हणजे पंचावन्न लाख दिरहम. म्हणजे आपले पावणेपाच कोटी!" आणि मागच्या सीटवरून हमखास कुणीतरी उसासा टाकायचं.

लंडनमध्ये गर्दी लोटली. तोच फ्रेंच पंडित पुन्हा आला. त्याला पट्ट्या धड हाताळू दिल्या नाहीत, तरी काचेतून बघून त्यानं निकाल दिला: खोट्या. इतर जाणकारांनीही तेच म्हटलं. कारणं बरीच होती, त्यातली काही चांगलीही होती. पण एक कारण असं, की चामडं इतकी शतकं टिकेलच कसं? आणि न बोललेलं कारण असं, की आणणारा कोण? तोच ना, मडकीवाला? शापिरानं पुढे हॉलंडमधल्या एका हॉटेलच्या खोलीत स्वतःला गोळी घातली. पट्ट्या लिलावात दहा-साडेदहा पौंडांना गेल्या आणि नंतर त्यांचा पत्ताच लागला नाही. आणि एकोणीसशे सत्तेचाळीसपासून त्याच मृत समुद्राकाठच्या गुहांतून चामड्यावरच्याच पोथ्या निघाल्या, दोन हजार वर्षं टिकलेल्या. आता काय करणार? पुन्हा तपासाव्यात म्हटलं तर पट्ट्या कुठे आहेत?

ही झाली हकीगत. यावर आमच्या बसमध्ये दोन पक्ष होते. एका पक्षाचे पुढारी जोकिम अंकल, दुसऱ्याचे आजचे आपले अध्यक्ष. ऑस्कर सर म्हणायचे, "जो माणूस एकदा खोटा माल विकतो त्याचा दुसरा माल बघायचाच कशाला? वेळ फुकट." आणि अंकल म्हणायचे, "माल बघ रे बाबा. आणणाऱ्याचं तोंड कशाला बघतोस?" दोघंही वसईचेच, एक पापडी गावचा, एक भुईगावचा. दोघंही नाताळात एकमेकांच्या घरी जेवायचे आणि वर्षभर शापिरावरून भांडायचे. तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावरून भांडून कुणाचं काय भलं होणार? मलाही तसंच वाटलं असतं. पण माझी गोष्ट वेगळी आहे. मी या हॉलमध्ये उभी आहे ती त्या भांडणामुळे.

ते कसं, ते सांगते.

माझे मिस्टर संजय इथल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्रायव्हर. लग्न झालं आणि महिन्याभरात ते परत इथे आले. मुसाफ्फाच्या कामगार वस्तीत एका खोलीत सहा जण. पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता. वर्षातून एकदा, नाही तर दोन वर्षांतून एकदा सुट्टी. सहा वर्षं मी नवऱ्याचा संसार फोनवर केला. एकत्र राहायचं तर एकच वाट होती, मला स्वतःला इथे नोकरी लागायला हवी. म्हणून चौऱ्याण्णव साली व्हिजिट व्हिसावर आले. तो संपायच्या आत काम मिळालं तर संसार, नाही तर पुन्हा विमान आणि पुन्हा फोन.

मला काम एकच चांगलं येत होतं. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी यूनुसचाचांचं रफूचं दुकान होतं. शालू, पैठण्या, उंची कोट, सगळं त्यांच्याकडे यायचं. लहानपणापासून मी त्यांच्याकडे शिकले. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. त्याच कापडाच्या दुमडीतला धागा काढायचा आणि भोकावर एकेक धागा विणून कापड पुन्हा उभं करायचं. दिसला तर तो रफू नाही, असं चाचा म्हणायचे.

संजयची आणि अंकलची ओळख हॉटेलच्या मागच्या गेटवर झाली, माल उतरवताना. त्यांनी अंकलना सांगितलं, बायकोला काम हवंय. आणि योगायोगानं हॉटेलात टेलरची जागा रिकामी होती. आता ती का रिकामी होती? समाधानभाऊ, मान खाली घालू नका, मी प्रेमानंच सांगणार आहे. माझ्याआधी टेलर म्हणून अंकलनीच समाधानभाऊंना आणलं होतं. मुंबईत मोठमोठ्यांचे सूट शिवलेत असं भाऊ म्हणाले आणि अंकलनी विश्वास ठेवला. पहिलीच मोठी पार्टी. तीस वेटरांच्या नव्या पँटी भाऊंनी शिवून दिल्या. तीसच्या तीस घोट्याच्या वर! सगळं बॅन्क्वेट चिखलातून चालल्यासारखं सूप वाढत होतं. नंतर कळलं, भाऊ मुंबईत टेलरच्या दुकानात होते खरे, पण गल्ल्यावर. आज ते शारजात अल नहदाला गाड्या भाड्यानं देतात आणि उत्तम चाललंय. कात्री सुटली आणि नशीब उघडलं.

पण अंकलच्या नावावर ती मडकी बसली ना! आणि त्यानंतर महिन्याभरात अंकल मला घेऊन ऑस्कर सरांपुढे उभे. सर म्हणाले, "पुन्हा तू? ट्रेड टेस्ट कशाला घ्यायची, जाऊ दे हिला घरी." अंकलनी खूप गळ घातली तेव्हा सरांनी एक टेबलक्लॉथ समोर टाकला. सिगारेटची तीन भोकं. "हे कर," म्हणाले आणि मीटिंगला गेले.

मी जीव ओतून काम केलं. मध्ये अंकल मला चहा घेऊन आले, आणि त्यांच्या खांद्यावर संध्याकाळच्या पार्टीसाठी काढलेली नव्या टेबलक्लॉथांची थप्पी होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, चहा पिऊन होईपर्यंत गप्पा मारल्या. काय गप्पा मारल्या असतील? शापिरा! मग थप्पी उचलून गेले.

ऑस्कर सर आले. माझं कापड खिडकीशी नेऊन बघितलं. उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा काढला, लावला. आणि हसायला लागले. मला वाटलं, जिंकले. सर म्हणाले, "जोकिम, स्टोअरमधला नवा काढून दिलास होय? निदान एखादं भोक तरी ठेवायचं!" आणि तो टेबलक्लॉथ त्यांनी धुण्याच्या ट्रॉलीत भिरकावला.

सांगा, काय बोलणार? रफू दिसत असता तर दाखवला असता. दिसत नव्हता म्हणून मी खोटी ठरले! अंकल लाँड्रीकडे धावले. तोवर ते कापड शेकडो पांढऱ्या कापडांत मिसळून मशिनमध्ये गेलं होतं. ते कसं शोधणार? ज्यात काही दिसत नाही, असं एक कापड! शापिराच्या पट्ट्यांसारखंच ते गेलं ते गेलं. आणि प्रकरण माझ्यापुरतं राहिलं नाही. स्टोअरमधला माल नोंद न करता बाहेर काढणं म्हणजे चोरी. अंकलची नोकरी पणाला लागली. दोन मुलं शाळेत होती तेव्हा, सुझी आंटींना विचारा.

आमचे जनरल मॅनेजर तेव्हा जर्मन होते. त्यांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं उभे. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय, मिस्टर जोकिम? आणि मंडळी, तुमचा विश्वास बसणार नाही, नोकरी जायची वेळ आलेला हा माणूस अठराशे त्र्याऐंशीपासून सुरू झाला! मी मनात म्हटलं, अंकल, यल्ला, चला, मुद्द्यावर या. पण नाही. मडकी झाली, चामडं झालं, वर जर्मन साहेबाला सांगितलं, "सर, ते मडकी घेणारे तुमचेच लोक होते." ऑस्कर सरांनी कपाळाला हात लावला. साहेब घड्याळ बघू लागले. शेवटी म्हणाले, "मिस्टर जोकिम, व्हॉट डू यू वॉन्ट?"

अंकलनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "सर, दोन खुर्च्या. एक हिला, एक मिस्टर ऑस्करना, समोरासमोर. दुसरं कापड द्या. ही खोटी निघाली तर ही किल्ली परत मागणार नाही."

शापिरातून सुटका होत असेल तर साहेबांनी दहा खुर्च्या दिल्या असत्या.

तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट. ऑस्कर सरांनी स्वतः सिगारेट पेटवून स्वतःच्या हातानं भोक पाडलं. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हॉटेलचं नुकसान केलं. आणि समोर बसले ते बसलेच. पाणी प्यायलाही उठले नाहीत. डोळे माझ्या सुईवर. आणि माझं लक्ष सुईवर ठरेना हो! संजय डोळ्यासमोर यायचे, विमानतळ यायचा. धागा एक वर यायचा, एक खाली जायचा. संपलं तेव्हा मला स्वतःलाच दिसत होतं, मुंगी चालून गेल्यासारखी एक बारीक रेघ. चाचांनी पाहिलं असतं तर कान उपटला असता. मी मनात म्हटलं, समिधा, गेलं तुझं सगळं.

सरांनी कापड उजेडात धरलं आणि ओरडले, "हां! हा बघा, दिसला! इथे दिसतोय! मुलगी खरी आहे!"

हसा, हसा. मी त्या दिवशी रडले होते. चांगलं काम केलं तेव्हा चोर ठरले आणि वाईट केलं तेव्हा नोकरी मिळाली. ऑस्कर सरांनी मात्र तिथल्या तिथे उभं राहून अंकलची माफी मागितली. इंग्रजीत मागितली, कारण वसईच्या बोलीत अंकलची माफी मागायची त्यांना सवय नव्हती. सर, तुमच्याबद्दल माझ्या मनात कणभर राग नाही. त्यानंतर तुम्ही मला बहिणीसारखं सांभाळलंत, हेमा झाली तेव्हा सगळ्यात आधी हॉस्पिटलात तुम्ही आलात. पण अध्यक्षांची थोडी फिरकी घेतल्याशिवाय निरोप समारंभ होत नाही, म्हणून हे सगळं.

आता शेवटचं सांगते आणि बसते.

गेल्या शुक्रवारी मी आंटींना मदत करायला गेले होते. कार्गोचे खोके बांधणं चाललं होतं. आंटी स्वयंपाकघरात होत्या. मी सहज अंकलना विचारलं, "अंकल, त्या वेळी माझ्यावर एवढा विश्वास कसा ठेवलात हो? ओळख ना पाळख."

अंकल दोरीला गाठ मारत होते. ती पक्की ओढली. मग म्हणाले, "विश्वास कुठे होता, बाय? चहा पिऊन मी ती थप्पी पार्टीच्या हॉलमध्ये नेली आणि मोजली. एक कमी भरला."

मी हातातला खोका खाली ठेवला. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे किल्ली ठेवली, त्या दिवशी त्यांना ठाऊक होतं की थप्पीत एक कमी आहे. आणि चहाच्या वेळी ती थप्पी माझ्याच टेबलावर होती. म्हटलं, "मग तुम्हाला वाटलं मीच घेतला?"

"वाटलं ना. का नाही वाटणार?"

"आणि तरी?"

"अग, मोजण्यात मी चुकलो असेन. लाँड्रीनंच एक कमी दिला असेल. असेल की नाही? तेवढी शंका होती. तेवढ्यासाठी माणसाला एकदा बसवून बघायला नको का?"

नऊ वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आंटींनाही नाही. त्या आत्ता पहिल्यांदा ऐकताहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतंच आहे. घरी जाऊन मी संजयना सगळं सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवणारी माणसं मला आयुष्यात मिळाली, देवाची कृपा. आई होती, संजय आहेत. पण मनातून मला चोर समजत असताना माझ्यासाठी स्वतःची नोकरी टेबलावर ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आजवर मी शापिराला हसत होते. आता हसवत नाही.

आयोजकांचे, अध्यक्षांचे, सत्यभामाताईंचे आणि इतका वेळ बिर्याणीचा वास सहन करत माझं ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मी भाषण करणारी बाई नाही. बोलण्याच्या भरात मोठ्यांची थट्टा जास्त झाली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर घरची समजून पोटात घाला.

आणि अंकल, एक राहिलं. शुक्रवारी तुम्ही मला एवढं सगळं सांगितलंत, पण तो टेबलक्लॉथ मी घेतला होता का, हे काही तुम्ही विचारलं नाहीत. नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. म्हणून आज सगळ्यांच्या समोर, न विचारता सांगते.

मी नव्हता घेतला, अंकल.

नमस्कार.